भिकाजींच्या मोबाइलवरची दुखणी

भिकाजी साळवींच्या घरात कुणाला साधी शिंक आली, तरी ती का आली हे भिकाजींना ठाऊक असायचं. निदान ते स्वतः तसं म्हणायचे. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून उभी हयात काढलेला माणूस! कुठला कंडक्टर तिकीट न फाडता पैसे खिशात घालतो, कुठला ड्रायव्हर संगमेश्वरला चहाच्या नावाखाली झोप काढतो, हे ते नुसत्या चालीवरून ओळखत. पुढे ते रिटायर झाले, पण डोळे काही रिटायर झाले नाहीत. स्टँड गेल्यावर ते डोळे घराला लागले. त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणायच्या, पोलीस परवडला, तो ड्युटी संपली की घरी तरी जातो.

शिरगावातल्या त्यांच्या वाडीत पहिला टेलिफोन भिकाजींकडे आला होता. तेव्हापासून वाडीतल्या प्रत्येकाने मुंबईला, सासरी, बँकेत, शाळेत त्यांचाच नंबर देऊन ठेवलेला. नंबर सांगायचा आणि पुढे 'पी.पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, असं म्हणायचं, की झालं काम. फोन वाजला की भिकाजी कुंपणाच्या चिरेबंदी गडग्यापाशी जाऊन अशी हाक मारत की वाटावं, गंगुबाईचा फोन नाही, देवरूखची गाडीच फलाटाला लागली आहे. मग मुंबईच्या मुलाने मोबाइल आणून दिला, इनकमिंग फुकट झालं, जुना फोन काढून टाकला. वाडीने मुकाट्याने मोबाइलचा नंबर पाठ केला आणि सगळीकडे तो द्यायला सुरुवात केली. भिकाजींनाही त्यात मोठेपणा वाटायचा.

त्याच सुमारास शहरातल्या वरद डॉक्टरांनी दवाखान्याच्या कॉम्प्युटरात नवीन व्हर्जन टाकून घेतलं. त्यांचे वडील, म्हणजे थोरले डॉक्टर बसायचे तेव्हा सगळा कारभार तोंडी असे. "काय गंगुबाई, पोट साफ झालं का?" असं ते आतून विचारत आणि बाहेरच्या बाकावरची माणसं गंगुबाईच्या आधी उत्तर देत. वरद डॉक्टर पुण्याला शिकून आलेले, त्यांना हे पटेना. पेशंटची गुप्तता म्हणून काही असते की नाही? नव्या व्हर्जनमध्ये ती सोय होती. पेशंटचा मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडायचं नाही. तपासणीची तारीख जवळ आली की कॉम्प्युटर आपणहून त्या नंबरावर इंग्रजीतून मेसेज धाडायचा, आणि गुप्तता म्हणून त्यात नाव मात्र घालायचा नाही.

काउंटरवरची मुलगी नंबर विचारी, आणि वाडीची माणसं वर्षानुवर्षांच्या सवयीने एकच नंबर सांगत.

पहिला मेसेज आला तेव्हा भिकाजी पडवीत सुपारी कातरत बसले होते. चष्मा लावून त्यांनी एकेक शब्द लावला. 'प्रिय पेशंट, आपल्या पाचव्या महिन्याच्या तपासणीची वेळ झाली आहे. लोहाच्या गोळ्या चालू ठेवा.'

अडकित्ता मांडीवर पडला. ते स्वतः प्रेशरच्या गोळ्या वरद डॉक्टरांकडूनच घेत, त्यामुळे मेसेज आपल्याच घरचा याबद्दल त्यांना शंका आली नाही. नको तिथे शंका घेणाऱ्यांचं हे असंच असतं, हवी तिथे नेमकी येत नाही. पाचवा महिना! घरात बायका दोन. कुसुमताईंची पन्नाशी उलटून गेलेली. तरी भिकाजींनी आधी त्यांच्याकडेच निरखून पाहिलं, इतकं, की त्यांनी पदर सारखा केला आणि काय बघताय म्हणून विचारलं.

उरली ऋजुता. त्यांची धाकटी, बालवाडीत शिकवणारी, लग्नाची. संगमेश्वरच्या सुर्व्यांच्या मुकुलशी तिचं जमत आलं होतं. सुर्वे मंडळी येत्या रविवारी सुपारी फोडायला यायची होती. मुलगा पोरीला मनापासून आवडला होता. आधीच्या तीन स्थळांना नाकं मुरडणारी पोर आता भांडी घासताना गुणगुणत असे. भिकाजींचाही तिच्यावर फार जीव. म्हणून तर विचारायची हिंमत होईना. विचारावं आणि ती हो म्हणाली तर?

मग त्यांनी पाळत ठेवली. दुपारी ऋजुता मागल्या दारी बसून मीठ लावून कैरी खात होती. भिकाजींनी मनातल्या वहीत नोंद केली. आता एप्रिलच्या महिन्यात रत्नागिरीत कैरी कोण खात नाही? पण संशय एकदा अंगात आला की माणसाला झाडाची कैरीसुद्धा साक्षीदार वाटायला लागते.

एवढ्यात दुसरा मेसेज आला. 'कुत्रा चावल्याच्या तिसऱ्या इंजेक्शनला विसरू नका.'

म्हणजे आणखी एक भानगड लपवली जातेय! कुत्रा पिसाळलेला असला तर माणूस पाण्याला भितो, एवढं भिकाजींनी ऐकलं होतं. त्यांनी घरात पाणी वाटायला सुरुवात केली. सकाळी उठल्या उठल्या कुसुमताईंसमोर तांब्या, जेवताना तांब्या, टीव्ही बघताना तांब्या. आणि पाणी नुसतं द्यायचं नाही, ते घशाखाली उतरेपर्यंत समोर बसायचं. कुसुमताईंनी दोन दिवस प्यायलं. तिसऱ्या दिवशी ऋजुता म्हणाली की बाबा, तहान नाही, आणि भिकाजी दोन पावलं मागे सरले.

तिसऱ्या मेसेजने तर कहर केला. 'लिव्हरची तपासणी उपाशीपोटी करावी. तोपर्यंत दारू पूर्ण बंद.' त्या दिवसापासून भिकाजी येता-जाता घरच्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायला लागले. आता संशय घ्यायची पाळी कुसुमताईंची होती. पस्तीस वर्षांच्या संसारात कधी जवळ येऊन बसला नाही हा माणूस, तो ओट्यापाशी येऊन हुंगतो काय, पाणी पाजतो काय! याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यांनी ऋजुताला हळूच सांगितलं. पण रविवारपर्यंत बोलू नकोस, सुर्व्यांच्या कानावर गेलं तर जमलेलं मोडेल. दोघी कुजबुजताना दिसल्या, आणि भिकाजींची खात्री पटली.

शेवटी ते दवाखान्यात गेले. वरद डॉक्टरांना खाजगीत गाठून विचारलं, की माझ्या घरात कुणाला काय झालंय ते एकदा सांगून टाका, मन घट्ट केलंय मी. डॉक्टर हसले. "काका, तेवढं सोडून विचारा. एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हाच तर नवीन व्हर्जनचा फायदा आहे." समोर कॉम्प्युटरला सगळं माहीत, आणि तो तोंड उघडायला तयार नाही! भिकाजींना तो डबा एखाद्या मुरलेल्या कंडक्टरसारखा वाटला.

रविवार उजाडला. सुर्वे आले. रावजी सुर्वे, मुलाचे वडील, गोरेपान, मितभाषी, उगाच घसा खाकरणारे. त्यांच्या पत्नी मथुराबाई, हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या, घरात त्यांचाच शब्द चालायचा हे उंबरा ओलांडतानाच कळत होतं. मुकुल कोपऱ्यात बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. भिकाजींना पोरीचं तोंड बघवत नव्हतं, इतकी ती खुशीत होती. एकदा सुपारी फुटू दे, मग पुढचं पुढे, असं त्यांनी देवाला सांगितलं.

पोहे झाले, कोकम सरबत झालं. सुपारी पाटावर ठेवली, आणि टीपॉयवरचा मोबाइल दोनदा वाजला. मथुराबाई जवळ होत्या. चष्मा नाही म्हणून व्याह्यांना अडचण, अशा चांगुलपणाने त्यांनी मोबाइल उचलला आणि मेसेज वाचला. मग शिक्षिकेच्या सवयीने मागचेही वाचले, शेवटच्या पानापर्यंत.

"साळवी," त्या थंडपणे म्हणाल्या, "या घरात कुणाला दिवस गेलेत?"

मथुराबाईंनी सगळे मेसेज मराठी करून मोठ्याने सांगितले. पाचवा महिना, कुत्रं, दारू, आणि आत्ताचा नवीन, खरजेचं मलम घरातल्या सगळ्यांनी लावावं म्हणून. रावजी घसा खाकरून उठायच्या बेतात आले. मुकुलचा चेहरा पांढरा पडला. कुसुमताईंनी भिकाजींकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात तांब्याचा, हुंगण्याचा, सगळ्याचा उलगडा झाला.

ऋजुता दारात उभी होती. तिने वडिलांना एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला हे माझं वाटलं?"

आयुष्यात इतकी लाज भिकाजींना कधी वाटली नव्हती. कैरी खाणाऱ्या पोरीवर आपण पाळत ठेवली, या विचाराने त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पण पोर बापाचीच होती. डोळे पुसले आणि तरातरा गडग्यापाशी गेली. "नंबर आपला एकट्याचा कधी होता?" असं म्हणत तिने अशी हाक मारली, की बापाने स्टँडवरसुद्धा मारली नसेल. वरद डॉक्टरांकडे जाऊन ज्याने ज्याने आमचा नंबर दिला असेल त्याने असेल तसं यावं, माझं लग्न मोडतंय!

वाडी जमायला वेळ लागला नाही. शेजारची मनस्वी सासूला घेऊन आली आणि लाजत म्हणाली की पाचवा महिना माझा, सातवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून सासूबाईंनी बजावलं होतं. बाबल्याने लेंगा गुडघ्यापर्यंत वर करून पाहुण्यांना पोटरीच दाखवली. "कुत्रा मना चावला. काजूच्या बागेत काजी गोळा करत होतो ना, थयच." गंगुबाईने खरूज कबूल केली आणि सगळ्यांपासून चार हात लांब बसली. तिच्या नातवंडांनाही होती, तीही आणून दाखवते म्हणाली, तेव्हा मथुराबाईंनी घाईने नको म्हटलं.

राहिली दारू. वाडी एकमेकांकडे बघू लागली. अखेर मागून भागोजी पुढे आला. भागोजी गावच्या दारूबंदी कमिटीचा अध्यक्ष. त्याने कमिटीच्या सभेत करायचा तसा नमस्कार केला आणि खाली मान घालून म्हणाला, "लिव्हर माझं." वाडीत एकच हलकल्लोळ उडाला. त्याच्या बायकोने त्याला तिथून नेलं, पुढचं नेमकं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळ्यांनी.

मथुराबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. एका पोरीसाठी आपली दुखणी चव्हाट्यावर मांडणारी माणसं आहेत ही, म्हणाल्या, अशा वाडीतली सून मिळायला भाग्य लागतं. ऋजुताने मुकुलकडे पाहिलं, मुकुलच्या गालांवर रंग आला. मथुराबाईंनी सुपारी पुढे केली.

आणि मोबाइल पुन्हा वाजला.

मथुराबाईंनीच वाचला. 'मूळव्याधीच्या ऑपरेशनची तारीख आपण अजून घेतलेली नाही. घाबरू नका, लवकर या.'

आता हे कुणाचं? बाबल्या नाही म्हणाला, मनस्वी नाही म्हणाली, गंगुबाई लांबूनच नाही म्हणाली. सगळी वाडी नाही म्हणाली. मथुराबाईंची सुपारी हातातच थांबली. इतकं सगळं उघड केलंत, मग हे एकच कोण लपवतंय, आणि का?

भिकाजींनी डोळे फिरवले. या वेळी मात्र जुना कंट्रोलर चुकला नाही. सगळे मोबाइलकडे बघत होते, एकटे रावजी छताकडे बघत होते. कपाळाला घाम, आणि बसलेत ते खुर्चीच्या जेमतेम काठावर. भिकाजींशी नजरानजर झाली. रावजींनी नको म्हणून मान किंचित हलवली. बायकोसमोर बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. रत्नागिरीला कोर्टाच्या कामाला म्हणून आलेले, चोरून डॉक्टरांकडे गेलेले, आणि नंबर दिल्याशिवाय पान उघडत नाही म्हटल्यावर खिशातल्या चिठ्ठीवर होता तो होणाऱ्या व्याह्यांचा नंबर देऊन मोकळे झालेले. हे सगळं त्यांनी नंतर माडाआड उभं राहून भिकाजींना सांगितलं.

त्या क्षणी भिकाजींना फक्त पोरीचा चेहरा दिसत होता. नाव घेतलं तर व्याही भर वाडीत उघडे पडतील, आणि अपमान गिळून कुणी सुपारी फोडत नाही.

"माझं," भिकाजी म्हणाले.

कुसुमताईंनी चमकून पाहिलं. वाडीनेही पाहिलं. मथुराबाई मात्र विरघळल्या. पुरुषमाणसाने असं दुखणं चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं, म्हणाल्या, आणि सुपारी फोडली.

लग्न मे महिन्यात धूमधडाक्यात झालं. सीमांत-पूजनाला सगळ्यांना सुरमई, भिकाजींच्या ताटात सुरण. मूळव्याधीला सुरणासारखं औषध नाही, असं सांगून विहीणबाईंनी ते जातीने उकडवून घेतलं होतं, तिखट-मिठाशिवाय. लग्नाच्या दिवशीही सगळ्यांना आमरस-पुरी, भिकाजींना सुरण. मांडवात त्यांच्यासाठी भोक असलेली गोल, गुबगुबीत उशी आली, आणि ती कशासाठी हे विहीणबाईंनी मुंबईच्या पाहुण्यांना आपणहून सांगितलं. भिकाजी दिवसभर त्या उशीवर सुखाने बसून होते.

शेजारी लाकडी पाटावर रावजी. सप्तपदी संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

गंगुबाई पदराने डोळे टिपत मनस्वीला म्हणाली, "बघ गो, मुलीचा बाप कसा आरामात बसलाय. आणि मुलाचा बाप रडतोय. काय मायेचा माणूस!"