यशवंतकाकांचं पब्लिक

रविवारी सकाळी अकरा ते साडेअकरा आमच्या माळ्यावर कुकरची शिट्टी होत नाही. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत एका माळ्यावर सोळा बिऱ्हाडं, रविवार म्हणजे घरोघरी मटण, आणि तरीही त्या अर्ध्या तासात सोळाच्या सोळा कुकर मुकाट बसलेले असतात. कारण त्या वेळी अकरा नंबरच्या खोलीत यशवंतकाका रेकॉर्ड ऐकत असतात. नवी सून घरात आली की सासू तिला पाणी किती वाजता येतं ते सांगते आणि त्याच दमात हेही सांगते.

आता एखादा माणूस रविवारी गाणी ऐकतो, यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण काका गाणी ऐकत नाहीत. ती रेकॉर्ड एका परदेशी रॉक बँडची आहे, भर कार्यक्रमात, हजारो लोकांसमोर उतरवून घेतलेली. काका सुई टेकवतात. लोकांचा गलका उठतो, आरोळ्या, टाळ्या. काका डोळे मिटतात. मग ड्रम सुरू होतो, गिटार गर्जायला लागते आणि काका सुई अलगद उचलतात. गाणं चालू असायला हवं तेवढा वेळ ते चहा पितात. गाणं संपायच्या अंदाजाने सुई पुन्हा टेकवतात ती नेमकी टाळ्यांवर. त्या काळ्या तबकडीवर दोन गाण्यांमधली फट मला चष्मा लावूनही दिसत नाही. काका फिरत्या तबकडीवर ती नुसत्या नजरेने गाठतात. सुई गाण्यावर पडली असं मी लहानपणापासून एकदाही पाहिलेलं नाही.

"गाणं कुणीपण वाजवेल रे राजू," ते म्हणतात. "तू पब्लिक ऐक."

बँडचं नाव मी सांगत नाही, कारण ते काकांनाही माहीत नाही. कव्हरवर ते इतक्या काटेरी अक्षरांत छापलंय की कुणालाच धड वाचता आलेलं नाही. काका त्यांना 'ती मंडळी' म्हणतात. कव्हरवर पाच जण आहेत, छातीपर्यंत केस, गळ्यात माळा. माझी आई कित्येक वर्षं त्यांना गोसावी समजून जाता-येता हात जोडायची. खरं कळल्यावर तिने काकीकडे तक्रार केली. काकी म्हणाली, "माका काय सांगतंस बाय. ह्येंका कुकर नको, मटण मात्र व्हया."

गिरणी बंद पडल्यावर काकांनी लाऊडस्पीकरचा धंदा केला. हळद, गणपती, पूजा, सभा, काळाचौकीपासून परळपर्यंत कुठेही कर्णे बांधायचे असले की काकांना बोलावणं यायचं. त्या धंद्यात त्यांचा कान असा तयार झाला की भल्याभल्यांनी हात टेकावेत. एकदा मैदानात कुठल्याशा पुढाऱ्याची सभा होती. काका स्टेजकडे पाठ करून बसले होते. टाळ्या पडल्या तसे मला म्हणाले, "हे ट्रकमधनं आणलेलं पब्लिक."

"कशावरून, काका?"

"टाळी एकदम सुरू झाली, एकदम थांबली. खऱ्या टाळीत दोन-चार जण उशिरा थांबतात."

त्या दिवसापासून मी कुठेही टाळ्या ऐकल्या की ते उशिरा थांबणारे दोन-चार जण शोधतो. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना काका डोळे मिटून एका खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. नंतर बाबांना म्हणाले, "कार्य झकास झालं. फक्त उजवीकडचं पब्लिक जेवणाकडे बघून टाळ्या वाजवत होतं." हॉलमध्ये जेवण खरोखरच उजवीकडे मांडलेलं होतं.

मी स्वतः आवाजाच्याच धंद्यात आहे. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आता काचेची ऑफिसं आहेत, त्यातल्या एका स्टुडिओत मी आवाज साफ करतो. संवादांमागची पंख्याची घरघर, गाड्यांचे हॉर्न, माइकची खरखर, जे जे नको ते पडद्यावर रेघांसारखं दिसतं आणि मी ते पुसतो. लाखमोलाची यंत्रं आहेत आमच्याकडे. तरी मी एकदा स्टुडिओतला गर्दीचा एक तुकडा मोबाइलवर काकांना ऐकवला, तर ते क्षणभर ऐकून म्हणाले, "हॉल अर्धा रिकामा आहे. खुर्च्या प्लास्टिकच्या." मी ज्याने तो आवाज घेतला त्याला फोन करून विचारलं. दोन्ही गोष्टी बरोबर निघाल्या. तेव्हापासून मी या माणसासमोर स्वतःला साउंडवाला म्हणवून घेत नाही.

तर हे काका गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी स्टुडिओच्या दारात उभे. छातीशी हिंदमाताच्या साडीच्या दुकानातली कापडी पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात रेकॉर्ड. काळाचौकीहून पायी आले होते. टॅक्सीत गचके बसतात म्हणे.

"राजू, ही आता दमली," काका म्हणाले. "सुई नवी घातली, धुवून बघितली. पब्लिक खरखरीत बुडायला लागलंय. माझ्यानंतर जाऊ दे, पण माझ्या आधी जायला नको. तुझ्या मशिनीत उतरवून घे. जशी आहे तशी."

ही रेकॉर्ड त्यांच्या थोरल्या भावाने, दिगूदादाने धाडली होती हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. दिगूदादा मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि फार वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा बंदरावर तापाने गेला. त्याची वस्तू म्हणून काका ती जपतात, एवढीच माझी समजूत. मी रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी उतरवून घेतली. स्पीकर बंद होते, हेडफोन माझ्या कानाला, आणि काका शेजारी स्टुलावर बसून होते. काम झाल्यावर त्यांनी तबकडी टॉवेलात गुंडाळली आणि आले तसे चालत निघून गेले.

इथे मी शहाणपणा केला. 'जशी आहे तशी' असं प्रत्येकच गिऱ्हाईक म्हणतं आणि साफ केलेलं ऐकलं की खूश होतं. काकांना अशी भेट द्यायची की ते बघतच राहतील, असं मी ठरवलं. पुढचे चार दिवस जेवणाची सुट्टी बुडवून मी ती रेकॉर्ड घासून-पुसून काढली. ओरखडे काढले, खरखर काढली, मध्येच उभे राहिलेले टोकदार आवाज एकेक करून हाताने पुसले. गाणी तर अशी झळाळली की ती मंडळी शेजारच्या खोलीत वाजवतायत असं वाटावं. इतकं चांगलं काम मी पगारासाठीही कधी केलेलं नव्हतं.

रविवारी अकराला मी माझा मोठा स्पीकर घेऊन अकरा नंबरमध्ये हजर झालो. दारात अर्धा माळा जमला होता. कुकर बंद. मी बटण दाबलं. काका डोळे मिटून बसले. इथे सुई उचलायची सोय नव्हती, म्हणून गाणीही वाजली. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाणी ऐकली. पहिली बाजू संपली, दुसरी लागली, तिच्यातली दोन गाणी झाली, टाळ्या झाल्या आणि काका एकदम पुढे झुकले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. तिसरं गाणं सुरू झालं तरी ते तसेच झुकलेले.

"बंद कर," ते म्हणाले.

मी बंद केलं.

"गाणी बरी आहेत रे," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पण दिगू कुठे गेला?"

कुणाला काही कळेना. काकीने हळूच दार लोटून लोकांना घरी पाठवलं. मग काकांनी पत्र्याच्या पेटीतून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. बोरूने काढल्यासारखं मोठं अक्षर, शाई फिकी पडलेली. दिगूदादाने लिहिलं होतं की इथल्या बंदरावर एका मोठ्या कार्यक्रमाला गेलो होतो, त्याची ही रेकॉर्ड निघाली, दुकानात ऐकली आणि घेतलीच. दुसऱ्या बाजूला दोन गाणी झाली की कान देऊन ऐक, मी आहे.

"आपल्या चाळीत तेव्हा बेल कुठे होती," काका सांगू लागले. "खालनं शिट्टी मारायची, वरनं उत्तर द्यायचं. दिगूची शिट्टी म्हणजे दोन आखूड, एक लांब. मी गॅलरीतनं एक लांब द्यायचो. म्हणजे ऐकलं, आलो. शेवटचा निघाला तेव्हा मी रुसलेला. मलापण जहाजावर ने म्हणत होतो. तो म्हणाला, घरात एक तरी पाहिजे. बॅग घेऊन खाली गेला, शिट्टी मारली. मी आत बसून राहिलो. त्याने तीनदा मारली राजू. मी उत्तर दिलं नाही."

मग पुढे म्हणाले, "तिथे तो गाणारा बोलायला पुढे येतो, पब्लिक गप्प होतं आणि तेवढ्यात हा शिट्टी मारतो. सगळं पब्लिक हसतं, टाळ्या वाजवतं. दर रविवारी मला एवढंच ऐकायचं असतं. बाकीचं पब्लिक मी आपलं त्याच्यासोबत असतं म्हणून ऐकतो."

मला ती रेघ आठवली. पडद्यावर उभी, टोकदार, चकचकीत. दोन आखूड, एक लांब. ती यंत्राने नव्हती पुसली, मी माझ्या हाताने पुसली होती. पुसल्यावर चहा मागवला होता. मला तिथे बसवेना.

मी तसाच उठलो आणि स्टुडिओत गेलो. आमच्याकडे मूळ आवाज कधी टाकून देत नाहीत, ही एक सवय त्या दिवशी माझ्या कामी आली. जशी होती तशी रेकॉर्ड तिथे शाबूत होती. खरखरीच्या खालची ती शिट्टी मी पहिल्यांदा कान देऊन ऐकली आणि तिथेच काकांना फोन लावून ऐकवली. मग काका म्हणाले, "राजू, तू पुसू शकतोस. घालूपण शकतोस काय?"

दुसऱ्या दिवशी सत्तरी उलटलेले यशवंतकाका माझ्या स्टुडिओत माइकसमोर उभे राहिले. तोंडात दोन बोटं घातली आणि नुसती हवा निघाली. कवळी काढून पाहिलं, फुर्र झालं. कवळी परत घातली. पाऊण तास हा प्रकार चालला. काचेपलीकडे आमचा सगळा स्टाफ जमला, पण हसलं कुणी नाही. शेवटी एक निघाली. लांब, थोडी थरथरलेली, पण निघाली.

दिगूदादाची शिट्टी आणि पब्लिकचं हसणं यांच्यामध्ये जेमतेम दोन सेकंदांची जागा होती. मी काकांची शिट्टी तिथे बसवली.

"फार जवळ झाली," काका म्हणाले. "मागे ढकल. दुसऱ्या माळ्यावरनं येते ती."

मी ढकलली.

"अजून थोडी. तो खाली रस्त्यापर्यंत गेला होता."

रविवारी पुन्हा अकरा वाजता माळा गप्प झाला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण समोरच्या चाळीतलेही कुकर त्या दिवशी बंद होते. गाणी मी वगळली होती. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दोन गाण्यांच्या टाळ्या झाल्या. पब्लिक गप्प झालं. खरखरीतून दोन आखूड, एक लांब. मग लांबून, वरून, एकच लांब. आणि मग ते हजारो अनोळखी लोक हसले आणि टाळ्या वाजवू लागले.

काका डोळे मिटून बसले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

"पब्लिक ऐक रे," ते म्हणाले. "दोघं-तिघं अजून वाजवतायत."