राऊतकाकांना शंका आहे

माझ्या हातचा उकडीचा मोदक राऊतकाकांनी सुरीने मधोमध कापला, आतलं सारण चमच्याने उकरून पाहिलं, "खोबरंच आहे" असं जाहीर केलं आणि मगच तोंडात टाकला. गणपतीचे दिवस होते. मी या बिल्डिंगमध्ये नुकतीच राहायला आलेली, समोरचंच दार म्हणून मोठ्या हौसेने ताट घेऊन गेले होते. असा संताप आला म्हणून सांगू! आत काय सोन्याची बिस्किटं भरून आणली होती मी?

पुढे कळलं की या माणसाची उभी हयात मुंबईच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर गेली. ट्रकमध्ये वर कांदे दिसले की खाली काय दडलंय ते बघायचं, याचाच त्यांना पगार मिळायचा. मग जकात बंद झाली, नाका उठला, काका निवृत्त झाले. नजर मात्र अजून कामावर आहे. "वरचा माल नको, खालचा दाखव," हे ते टँकरवाल्यालाही ऐकवतात आणि वसईतल्याच पापडी गावाहून केळी घेऊन येणाऱ्या मावशीलाही. मावशी बिचारी आता टोपली उतरवल्या उतरवल्या आपणहूनच फणी उलटी करून दाखवते. त्यात काही निघालं नाही तरी काका हार मानत नाहीत. "ठीक आहे. पण शंका आहे," म्हणतात आणि पैसे देतात.

अशा माणसाचा उजवा गुडघा झिजला.

एक्स-रे बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, हा माझाच कशावरून? सर्जन शांत स्वभावाचे असावेत. त्यांनी कोपऱ्यातलं नाव दाखवलं. गुडघा बदलावा लागेल म्हणाले. त्यावर नवा गुडघा कुठून येतो, सीलबंद येतो का, सील माझ्यासमोर फोडणार का, अशी उलटतपासणी झाली. सर्जन म्हणाले, "आजोबा, तेव्हा तुम्हाला भूल दिलेली असेल." काका म्हणाले, "तेच तर!"

पण खरी गोम पुढे होती. ऑपरेशनच्या आधी व्यायाम करा, मांडीचे स्नायू बळकट होऊ देत, गुडघ्याची सूज उतरू दे, मग तारीख देतो, असं सर्जननी सांगितलं. आणि जमिनीवर बसायचं नाही, अजिबात. काकांच्या डोक्यात हा हिशेब काही बसेना. गाडी भंगारात द्यायच्या आधी कोणी तिचं सर्व्हिसिंग करतं का? व्यायाम शिकवायला घरी येणारी ग्लोरिया म्हणजे आमच्या पापडीचीच पोर, तोंडाने गोड आणि कामाला खमकी. तिने समजावलं, की काका, गुडघा बदलला तरी मांडी तुमचीच राहणार आहे, नव्या गुडघ्याला तीच उभं करणार. काका म्हणाले, "मांडी कुठे दुखतेय माझी? शंका आहे."

ग्लोरिया आठवड्यातून दोनदाच यायची. मधल्या दिवशी काका व्यायामाला हात लावत नाहीत म्हणून राऊतकाकूंनी मला गळ घातली, शोभा, दुपारी जरा येत जा गं, तुझ्या धाकाने तरी करतील. या काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट, कुणी काहीही सांगितलं तरी खरं मानणाऱ्या. दिवसभर हॉलमधल्या खुर्चीत बसलेल्या असायच्या आणि पायात बारा महिने मोजे. वसईच्या मे महिन्यात अंगावरची सुती साडीसुद्धा नको होते, तिथे मोजे! विचारलं तर म्हणायच्या, फरशी गार लागते गं. त्या दोघांना मूलबाळ नाही, तेव्हा मी नाही म्हणू शकले नाही.

आणि पस्तावले. कारण काकांनी नियम काढला, "तू आधी कर." टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची, तर आधी मी दाबायची. पाय सरळ ठेवून उचलायचा, तर आधी मी चटईवर आडवी व्हायची. काका खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ओढून, माझ्या धडधाकट गुडघ्याकडे बघत राहायचे. मी जिवंत उठले की मग स्वतः पलंगावर आडवे होणार. महिन्याभरात माझ्या मांड्या अशा घट्ट झाल्या की स्टेशनचा पूल मी न थांबता चढायला लागले. ऑपरेशनची तारीख मलाच मिळायची तेवढी बाकी होती.

काकांचा गुडघा मात्र रोज सकाळी टरारून सुजलेला. ग्लोरियाला कळेना. तिने एकदा सरळच विचारलं, "काका, खाली बसता का?"

"कोण बसतंय?" असं म्हणून काका पंख्याकडे बघायला लागले. जकात चुकवणाऱ्या ड्रायव्हरचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही, पण ते असंच दिसत असणार.

सर्जननी एकदा तारीख द्यायचं पुढे ढकललं, मग दुसऱ्यांदा ढकललं. पुढच्या खेपेलाही सूज असली तर तुम्ही दुसरा डॉक्टर बघा, असं सांगितलं. काका तोवर भिंत धरून संडासाला जायला लागले होते. ऑपरेशन झालं नाही तर हा माणूस अंथरूण धरणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

आता मलाच शंका यायला लागली. माझ्या ट्यूशनची मुलं दिवेलागणीला सुटतात. त्यांना सोडायला बाहेर आले की समोरचं दार बंद, एरवी ते रात्रीपर्यंत सताड उघडं असतं. आतून काकांचं कण्हणं ऐकू यायचं आणि मग "आता दुसरा," असं काहीतरी. एकदा विरजण मागायचं निमित्त करून दार वाजवलं, तर "नंतर ये" म्हणून खेकसले. कुणा वैदूचं तेल चोळत असतील का? मंतरलेला दोरा? असल्या माणसाचा काय भरवसा!

शेवटी एक दिवस मी बिल्डिंगला वळसा घातला, त्यांच्या तळमजल्याच्या मागच्या खिडकीशी जास्वंदीत शिरले आणि आत डोकावले. हो, डोकावले. रोजच्या उठबशीने मलाही तो रोग लागला होता.

काकू खुर्चीत होत्या. पायात मोजे नव्हते. आणि काका खाली फरशीवर, तोच सुजका गुडघा मुडपून, मांडी घालून, दातओठ खात बसले होते. काकूंचा पाय त्यांच्या मांडीवर होता, हातात बॅटरी होती, आणि ते बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, कणाकणाने बघत होते. काकूंच्या त्या पायाला अंगठा नव्हता. शेजारचं बोटही नव्हतं.

काकूंनी मला पाहिलं आणि चटकन पाय साडीत ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पुढून ये, शोभा. त्यांना उठायला वेळ लागेल."

खुर्चीला धरून, भिंतीला धरून काका उठले तेव्हा त्यांचा चेहरा घामाने थबथबला होता. मी काही विचारायच्या आत काकूच बोलल्या. रक्तातल्या साखरेने पायांची जाणीव पार गेलीय. काही वर्षांपूर्वी तळव्यात गंजका खिळा घुसला आणि त्यांना पत्ताच नाही. दुखेल तर कळेल ना! तशाच घरभर वावरल्या. वास यायला लागला तेव्हा समजलं, आणि दोन बोटं काढावी लागली. कुणाला कळू नये म्हणून मोजे.

"आख्ख्या जगाचे ट्रक उपसले मी," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "घरातला पाय नाही बघितला."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते बघतात. पाय उचलून स्टुलावर घेतला की काकूंची कंबर धरते, म्हणून स्वतः खाली बसतात. एखादी बाई ठेवायची होती, मी म्हटलं. तर म्हणाले, बाई बघितलं म्हणते, बघत नाही.

"मी बघते उद्यापासून," मी म्हणाले.

काकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी मी खाली बसले, तर काका माझ्या डोक्यावरून बॅटरी धरून उभे. करंगळीच्या मागे बघ. वरवर नको. घाई कशाला करतेस? माझं बघून झालं की स्वतः काठीवर वाकून पुन्हा बघायचे. काकू पहिले काही दिवस डोळे मिटून बसत. नंतर माझ्याशी भाजीचे भाव बोलायला लागल्या.

दोन आठवड्यांत सूज उतरली. ग्लोरियाला वाटलं तिच्या व्यायामाचा गुण, आणि तो होताच. तारीख मिळाली.

ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी काकूंचे पाय पाहिले, मलम लावलं, मोजे चढवले आणि निघाले. काका काठी टेकत दारापर्यंत मागोमाग आले. दार आपल्यामागे लोटून घेतलं, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"शोभा, मी परत आलो नाही, तर..." ते थांबले. "तिला काही टोचलं तरी कळणार नाही गं. तू बघशील ना?"

असलं अभद्र बोलू नका, असं म्हणणार होते मी. रागावणारही होते. पण त्यांचे डोळे भरले होते.

"बघेन काका," म्हणाले. "रोज बघेन."

आता हे मला शपथ घालतील, पट्टी वाचायला लावतील, निदान दोन प्रश्न तरी विचारतील, म्हणून मी उभी राहिले. त्यांनी काहीही विचारलं नाही.

"बघशील तू," म्हणाले, आणि भिंत धरत आत गेले.