दहा बाय सहाचा धीर

"जळालेली मोटर मी दोन दिवसांत फिरवून देतो! हे तर घरचं पोरगं हाय!" बाळासो बायकोला, शालूबाईंना, ठणकावून म्हणाले. शिवाजी पेठेत त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान तीस वर्षं चाललेलं, त्यामुळे आत्मविश्वासाला तोटा नव्हता.

बिघाड असा होता. सम्राट, वय सव्वीस, सिव्हिल इंजिनिअर. हातकणंगल्याची अनुजा पाच वर्षांच्या प्रेमानंतर "आपलं जमायचं नाही" म्हणाली आणि गेली. तेव्हापासून दहा दिवस पोरगा रजा टाकून माडीवर पडून होता. ताट वर जायचं, दोन घास कमी होऊन खाली यायचं.

"त्याच्याशी बोला जरा," शालूबाईंनी बजावलं.

इथंच घोडं पेंड खात होतं. सव्वीस वर्षांत बाळासो मुलाशी दोनच वाक्यं बोलले होते. एक, "जेवलास काय?" आणि दुसरं, "गाडीत पेट्रोल हाय न्हवं?" पहिलं रोज विचारून झालं होतं. दुसऱ्याला अर्थ नव्हता, गाडी जिन्याखाली धूळ खात होती. तिसरं वाक्य काही ओठांपर्यंत यायचं नाही.

पेठेत तोंडानं जमत नाही ते सांगायची सोय मात्र असते. बाळासोंनी ज्ञानूचं फ्लेक्सचं दुकान गाठलं आणि चिठ्ठी पुढं केली. 'सम्राट, वाईट वाटून घेऊ नको. आम्ही हाय.'

ज्ञानूनं चिठ्ठी दोनदा वाचली. "काका, असलं फ्लेक्सवर चालत न्हाय. रुबाब पायजे!"

मग त्यानं स्वतःच्या अनुभवानं मजकूर केला. 'सम्राट, आता माघार नाही! अख्खी पेठ तुझ्या पाठीशी!' खाली तालमीतल्या चोवीस शुभेच्छुकांचे गोल फोटो. मधोमध चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांचं स्वागत करणारा, हात जोडलेला सम्राट. शेजारचं माणूस फोटोत कडेला अर्धवटच आलं होतं; ज्ञानूनं तेही कापून टाकलं, पण खांद्यावर त्याची चार बोटं राहिली.

"ही बोटं कुणाची?" ज्ञानूनं विचारलं.

"असंल कोण तर पै-पावणं," बाळासो म्हणाले. "लाव तू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा बाय सहाचा फ्लेक्स सम्राटच्या खिडकीसमोर उभा राहिला. बाळासो चहा घेऊन दारात बसले आणि पोरगं फिरायची वाट बघू लागले.

आधी आल्या पलीकडच्या गल्लीतल्या चिमणाबाई. पेठेत हात जोडलेला फोटो लागला की वाढदिवस, नाहीतर निवडणूक. सम्राटचा वाढदिवस श्रावणात असतो, हे त्यांना पाठ होतं.

"उभा ऱ्हायला व्हय तुमचा सम्राट? बरं झालं! माझ्या दारातली गटार दोन म्हैनं तुंबलीया. मत पायजे आसंल तर आदी गटार!"

बाळासो तोंड उघडेपर्यंत मोटारसायकलवरून दोघं उतरले. वॉर्डातल्या दुसऱ्या एका इच्छुक साहेबांची ती माणसं.

"पावणं, माघार घ्यायची."

"कसली माघार?"

"फ्लेक्सवर लिवलंयसा की, माघार न्हाय म्हणून!"

"आरं, कसली निवडणूक घिऊन बसलाय?" बाळासो उसळले. "पोरगं अकरा दिवस धड जेवलं न्हाय माझं!"

दोघांचे चेहरे उतरले. "उपोषण? थेट उपोषणच?" एकानं बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला.

चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. "माझ्या गटारीसाठनं?"

पुढं काही समजावण्यात अर्थ उरला नाही. अर्ध्या तासात दारात चाळीस माणसं, एक हार आणि घोषणा! गलका ऐकून सम्राट अकरा दिवसांत पहिल्यांदा खाली आला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. बघणाऱ्यांची खात्रीच पटली.

चिमणाबाई घरून पिठलं-भाकरी घेऊन धावत आल्या. "लेकरा, तुंबली तर तुंबू दे गटार! तू खा!" त्यांनी भरवलेला पहिला घास त्यानं भीतीनं गिळला. दुसरा भुकेनं. तीन भाकरी खाल्ल्यावर तो ओशाळून म्हणाला, "मावशी, गटार कुठं हाय तुमची?"

तो परतला दुपारी, गुडघ्यापर्यंत चिखलात. पाइपात अडकलेली फरशी त्यानं स्वतः काढली होती. पायरीवर बापाशेजारी बसून तो फ्लेक्सकडे बघत राहिला.

"पप्पा, खांद्यावरचा त्यो हात कुणाचा हाय, म्हाईत हाय?"

"कुणाचा?"

"अनुजाचा."

बाळासोंनी फ्लेक्सकडे निरखून बघितलं. बोटांना नेलपॉलिश होतं, ते त्यांना आत्ता दिसलं. पोराला धीर द्यायला त्यांनी तीच पोरगी दहा फुटांच्या फ्लेक्सवर त्याच्या खांद्यावर आणून बसवली होती! "आत्ता काढतो," म्हणून ते उठू लागले.

सम्राट हसायला लागला. हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि मग तो बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिला. बाळासोंचेही डोळे भरले. आता काहीतरी बोललंच पाहिजे, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला, घसा खाकरला आणि जीव एकवटून विचारलं,

"गाडीत पेट्रोल हाय न्हवं?"

"हाय की, पप्पा."

आतून शालूबाईंचा आवाज आला, "झालं काय बोलून?"

"झालं की!" बाळासो म्हणाले.