आत्याचा अंगठा

नालवेयिसो आत्या चिडली होती. यात नवल काही नव्हतं. ती चिडलेली दिसली नाही की घरची माणसं तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. पण आजच्या रागाची पंचाईत अशी, की तो काढायला समोर कोणी नव्हतं. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध, पार मुळापर्यंत उभं चिरलं होतं आणि ते तिचं तिनंच चिरून घेतलं होतं.

त्या दुपारी तिच्या भाचीचं, नांतुमेचं, लग्नाआधी मुलीच्या घरी होणारं क्वांजुला होतं. मुलाकडचे लोक वाजतगाजत मुलीच्या दारात येणार, दोन्हीकडचे नेमलेले बोलके एकमेकांना टोमणे मारणार, आणि मग मुलीच्या आत्यानं पाहुण्यांच्या गर्दीत शिरून लपवलेला नवरा मुलगा हुडकायचा, त्याला हाताला धरून पुढे आणायचा आणि छातीवर फूल टाचायचं. त्या घटकेला अख्खं गाव आत्याच्या हाताकडे बघत असतं. आणि या आत्याचे हात बघण्यासारखेच होते. या वयात लांबसडक, गुलाबी, घरचीच वाढलेली नखं. रंग नाही, चिकटवाचिकटवी नाही. मसाका गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण आत्यानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

आणि नांतुमे कंपालाहून आली ती खोटी नखं लावून. लालभडक, टोकदार, वर खडे. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं सकाळीच पोरीला मागच्या खोलीत बसवलं आणि सुनावलं, "नवरीच्या अंगावर जे असेल ते तिचं स्वतःचं असावं. आज नखं खोटी, उद्या काय खोटं निघेल?" नांतुमे म्हणाली, ती पक्की बसवलीयेत, ओढू नकोस, दुकानात जाऊन काढावी लागतात. आत्यानं आयुष्यात कोणाचं ऐकलं नव्हतं. तिनं स्वतःच्या अंगठ्याचं नख खाली घालून एकेक उचकटायला सुरुवात केली. पोरगी रडली, नखं निघाली, आत्यानं ती डब्यात भरून कपाटात कोंडली आणि किल्ली कमरेला लावली. शेवटच्या नखाला 'टक्' असा आवाज आला तो मात्र भाचीच्या बोटातून आला नव्हता. यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आत्यानं मूठ झाकली. नख कापावं, तर नऊ लांब आणि एक बुटकं, पहिली शेजारीणच विचारणार. तसंच ठेवावं, तर फूल टाचताना ते उभं फाटणार आणि सगळ्या पाहुण्यांसमोर रक्त निघणार. केळीची पानं कमी पडतील असं ओरडून सांगत ती बाहेर पडली आणि बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसून बाजारात गेली.

दुकानांच्या त्या बोळात नखांचं काम पुरुषच करतात. मुझामिरू हा त्यातला सगळ्यात बडबड्या. त्यानं अंगठा उजेडात धरला, 'च्च च्च' केलं आणि कापून टाकू म्हणाला. आत्यानं त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्यानं कात्री खाली ठेवली. मग तो म्हणाला, वरून बारीक रेशमी कापडाची पट्टी चिकटवली की चीर धरून राहील, पण लग्नसराईमुळे पट्टी संपलीय.

"मग मला इथं कशाला बसवलंस?"

"थांबा की मावशी. पट्टी नसली तरी चहा आहे."

त्यानं कपात बुडवायच्या चहाची एक पुडी फाडली, आतली पूड स्वतःच्या कपात ओतली, आणि रिकाम्या कागदाचा नखाएवढा तुकडा कापला. गोंद, कागद, पुन्हा गोंद, कानस, पुन्हा गोंद. चीर बसली. पण कागद पिवळट दिसत होता, तो झाकायला वर दिव्याखाली वाळणारं जेल लावायला हवं होतं. एका नखाला लावलं तर ते एकटंच चमकणार, म्हणून दहाही नखांना. आत्या दात खाऊन म्हणाली, "लाव. पण लावलंय असं दिसता कामा नये."

"दिसायचं नाही तर लोक लावतात कशाला?" मुझामिरूनं भाबडेपणानं विचारलं. मग त्यानं नखाच्याच रंगाची बाटली उघडली.

नऊ नखं दिव्याखाली कडक झाली. अंगठा आत सरकवला आणि वीज गेली. आत्यानं वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाकीचा बोळ ऐकत होता, कारण प्रत्येकाच्या मनातलंच ती बोलत होती. मुझामिरू म्हणाला, "थांबा थोडं." थांबायला वेळ कुठला? पाहुणे वाटेत होते. "मग उन्हात धरा. वाळेल. पण कशाला लावू नका, अजून चिकट आहे."

म्हणून आत्या बोडाच्या मागे, ऊन लागावं म्हणून अंगठा उंच धरून निघाली. दिवस निवडणुकीचे. सत्तेतल्या पक्षाची खूण अंगठा, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. चौकातल्या एका टोळक्यानं तिचा जयजयकार केला. पुढच्या चौकातल्या विरोधकांच्या टोळक्यानं तिच्या पाठीत मक्याचं कणीस घातलं. आत्यानं वळून दोघांनाही शिव्या दिल्या, पण अंगठा खाली घेतला नाही.

घरी पोचली तेव्हा मांडव भरला होता. समारंभाचा पायघोळ पोशाख, नवी गोमेसी, नेसून ती थेट पाहुण्यांपुढे आली आणि रीतीप्रमाणे गुडघे टेकून बसली. बसताना सवयीनं हात चटईवर टेकला, तिथंच घात झाला. चटईची एक काडी ओल्या जेलमध्ये रुतली. आत्यानं ती हळूच उपटली, तशी काडीबरोबर कागदाची कड उचलली गेली. आता अंगठ्यावर चिकट, बारीक आकडाच तयार झाला. आत्याचा जीव टांगणीला लागला. बायकांच्या रांगेतून धाकटी बहीण नाकिरिज्जा टक लावून बघत होती. थोरलीची कुठं चूक होते आणि पुढच्या लग्नांत हा मान आपल्याला कधी मिळतो, याची ती केव्हाची वाट बघत होती.

नवरा मुलगा लुब्वामा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. आत्यानं त्याला केव्हाच हेरलं होतं. डाव्या हातात फूल आणि टाचणी घेऊन ती खुर्च्यांच्या मधून शिरली. वाट अरुंद. पुढच्या रांगेत मुलाचा थोरला चुलता मुगेर्वा बसला होता. जन्मभर लॉरी हाकलेला, विधुर आणि स्वभावानं आत्याचाच सख्खा भाऊ शोभेल असा. समारंभ लांबला म्हणून तो मघापासून धुसफुसत होता. त्याच्या पायाला अडखळून आत्याचा तोल गेला आणि सावरताना तिचा उजवा हात त्याच्या छातीवर पडला. कांझू या पुरुषांच्या पायघोळ झग्याच्या गळ्याखाली लाल दोऱ्याचं भरतकाम असतं. अंगठा बरोबर त्यात जाऊन बसला.

तिनं हात ओढला. मुगेर्वा उठला.

"बसा खाली," आत्या दातओठ खात पुटपुटली.

"मी कुठं उठतोय? तुम्हीच उचलताय. मी जेवायला आलोय, बाई. लग्न करायला नाही."

पण मांडवात तोवर बायकांनी कल्लोळ केला होता. आत्यानं ज्याला धरून उठवलं तो नवरा, ही रीत पोरासोरांनाही ठाऊक. मुलाकडचा बोलका असली संधी सोडणार होता थोडाच? माल तुम्हीच निवडलात, थोडा जुना आहे पण चालू स्थितीत आहे, आणि आम्ही परत घेत नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकवलं. मांडव हसून लोटपोट. लुब्वामा रडकुंडीला आला. नाकिरिज्जा तर खुर्चीवरून अर्धी उठलीच, जणू आताच सूत्रं हाती घेते.

आत्याला दोनच वाटा होत्या. हिसका द्यावा, तर नख फाटून चहाचा कागद म्हाताऱ्याच्या छातीवर फडफडणार. नाहीतर त्याला असाच पुढे न्यावा. तिला राग आला. स्वतःचा, मुझामिरूचा, विजेचा, त्या हसणाऱ्यांचा. आणि रागात ती कधीच घाबरत नसे.

"हसताय कशाला?" तिचा आवाज चढला. "आमच्या घराण्यात नवऱ्याच्या आधी त्याच्या घरचा म्हातारा तपासतात. पोरगा आज कोणीही देखणा दिसतो. म्हातारपणी तो काय होणार, हे चुलत्याकडे बघून कळतं. पोरीला बघू दे की आधी."

मग एक म्हातारी म्हणाली की हो, असं होतं खरं पूर्वी. लगेच दुसरीलाही आठवलं.

आत्या मुगेर्वाला तसाच छातीवरच्या भरतकामाला धरून नांतुमेपुढे घेऊन आली. नांतुमेनं गुडघ्यावर बसून मान लववली, तेव्हा तिला तो अंगठा अगदी जवळून दिसला. तिनं वर बघितलं नाही. फूल नीट करायच्या मिषानं तिनं आत्याच्या डाव्या हातातली टाचणी घेतली.

"आत्या, चहाचा वास येतोय."

"गप. दोरा सोडव."

"अंगावर जे असेल ते स्वतःचं असावं ना गं?"

"कार्टे, सोडव म्हणते ना."

"कपाटाची किल्ली दे."

मुगेर्वा वरून म्हणाला, "द्या हो ती किल्ली. जेवण थंड होतंय." आत्यानं डाव्या हातानं कमरेची किल्ली काढली. टाचणीनं दोरा सुटला, अंगठा सुटला, म्हातारा तडक उकडलेल्या केळ्यांच्या, मटोक्याच्या पातेल्यांकडे गेला. आत्यानं लुब्वामाला आणलं, फूल टाचलं, आणि त्याच्या कानात काहीतरी इतकं कडक बोलली की तो दिवसभर ताठ बसला. थोड्या वेळानं नांतुमे दुसरी गोमेसी नेसून बाहेर आली. तिनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढवून घेतला. दहा लालभडक नखं, वर खडे. आत्या फोटोत हसते आहे असं लोक म्हणतात. ती दात खात होती.

पुढच्या महिन्यात शेजारच्या गावी क्वांजुलाला आत्या पाहुणी म्हणून गेली. तिथली आत्या उठली, सरळ पुढच्या रांगेत गेली आणि एका पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या छातीवर अंगठा रोवून त्याला उभं केलं. नाकिरिज्जा शेजारीच बसली होती. ही जुनी प्रथा आहे, तिनं पलीकडच्या बाईला समजावून सांगितलं. आमच्या घरात फार कडक पाळतात.

नालवेयिसो आत्या चिडून उठली. तिथल्या आत्याचा अंगठा भरतकामावर नव्हता, चार बोटं खाली होता. "अगं, असा नाही," ती मांडवभर ऐकू जाईल असं ओरडली, "जरा वर. करायचं तर नीट करा."