द्वारकाबाईंनी ओटा सोडिला नाही

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिचे हातची पळी राव आणि रंक दोघांस सारखी वाढिते, तिचे पायी मस्तक ठेवोन, जे डोळां पाहिले ते पाहिले म्हणोन आणि जे ऐकिले ते ऐकिले म्हणोन, दोहोंत भेसळ न करितां लिहितो. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, मंदवार, दोन प्रहरी, समुद्रकाठचे थोरले शहरी एक मोर्चा धरिला गेला, तो शेवटपर्यंत हलला नाही. त्याचे वर्तमान ऐसें.

त्या शहरी द्वारकाबाई खानविलकर म्हणोन बाई, वय चौसष्ट. चौतीस वर्षे टेलिफोनचे कचेरीत चाकरी केली, आणि ज्या काळी एका गावाहून दुसऱ्या गावी बोलावयाचे तरी मध्ये बाईंस विनवावे लागे, त्या काळी बाईंचा आवाज अर्ध्या मुलुखास ठाऊक होता. व्यापारी, वकील, लेक बाळंत जाहली की नाही म्हणोन तळमळणारे बाप, सगळे "बाई, जरा लवकर जोडा" ऐसा अर्ज करीत आणि बाई जोडीत. मग यजमान कैलासवासी जाहले, मग चाकरी सरली, आणि दोन वर्षांमागे डाव्या जबड्यास गाठ आली, ती वाईट निघाली. शस्त्रवैद्यांनी अर्धा जबडा काढिला, पायाचे हाड आणोन तेथे बसविले, वरून किरणांचे उपचार केले. जीव वाचला. परंतु तोंड डावीकडे उतरले, ओठ पुरता मिटेना, प आणि ब आणि म ही अक्षरे फुटकी येऊ लागली, आणि घास लहान, मऊ, एका वेळी एक ऐसा घ्यावा लागे, आणि घेताना हनुवटीवर ओघळ येई तो रुमालाने टिपावा लागे. बाईंचे बोलणे पुढे लिहिले आहे ते वाचणारांचे सोयीसाठी नीट करोन लिहिले आहे, प्रत्यक्षांत एकेका शब्दास कष्ट पडत, हे ध्यानी असावे.

मग घरी वेढा पडला. वेढा शत्रूचा असता तर बाईंनी पहिल्या मासांत फोडिला असता, परंतु हा मायेचा वेढा. चिरंजीव हेरंबराव यांचा आईवर जीव, सूनबाई मृण्मयी स्वभावे गोड, दोघांनी विचार केला की आईस लोकांपुढे ओशाळवाणे वाटू नये, म्हणोन बाईंची पेज आधी, बाईंचे खोलीत, दार लोटून, आणि मग बाकीचे टेबलावर. लग्नकार्यी गेले तरी ताट खोलीत जाई. कोणी वावगा शब्द बोलिला नाही आणि कोणी बाईंस विचारिलेही नाही. ऐसी दोन वर्षे गेली. बाहेर जाणे जाहले तरी तोंडास मास्क बांधोन जात.

तेसमयी कचेरीतील जुनी सोबतीण फिलोमिनाबाई डाबरे, खाडीपलीकडे राहणार, भेटीस आली आणि खबर घेऊन आली की, जुन्या कापसाचे वखारीत एक नवे खाण्याचे ठाणे बसले आहे. फिरंगाणांत डोंगर आणि समुद्र यांचे सांदीस बास्क म्हणोन मुलुख आहे, तेथील रीतीचे. तेथे ताट मांडीत नाहीत. पावाची चकती, वरती काही चवीचे, आणि सगळे एका काडीने टोचलेले, त्यास पिंचो म्हणतात. लोक ओट्यास टेकून उभे राहतात, एक खातात, गप्पा मारतात, मग दुसरा खातात, आणि भर भर म्हणोन कोणी मागे लागत नाही. बाईंनी ऐकिले आणि पुसिले, "एका वेळी एकच घास?"

"एकच."

"आणि सगळेच तसे खातात?"

"सगळेच. मोठमोठे साहेबसुद्धा."

"मग शनिवारी जाऊ," बाई बोलिल्या.

हेरंबरावांस कळले तेव्हा ते आडवे आले. म्हणाले, "आई, तिथं सगळे तरुण लोक असतात. उभ्यानं खायचं असतं. लोक बघतील गं." बाई बोलिल्या, "बघू देत. चौतीस वर्षं लोकांनी नुसता आवाज ऐकला. आता तोंड बघतील." हेरंबराव म्हणाले, "मला तुझी काळजी वाटते." बाई बोलिल्या, "वाटू दे. काळजी घरी ठेव, आणि मला रिक्षा बोलावून दे." मग रिक्षा आली, आणि बाई जांभळे इरकल नेसून, फिलोमिनाबाईंस संगती घेऊन निघाल्या, आणि ठाण्याचे दारात पोचतांच तोंडावरील मास्क सोडोन पिशवींत टाकिला.

येथपर्यंत ऐकिले ते लिहिले. येथून पुढे डोळां पाहिले, कारण हा लिहिणार तेसमयी त्याच ओट्यास, उत्तरेचे टोकास, उभा होता. ओटा काळ्या दगडाचा, वीस हात लांब. त्यावर बशाच बशा. बटाटा आणि अंड्याचा जाड पोळा, दुधांत शिजवोन घोटलेला खारा मासा, वरून करपविलेला आणि आंत थरथरता ऐसा चीजचा केक, आणि खारवलेली बारीक मासळी, ऑलिव्हचे फळ आणि लोणच्यातील हिरवी मिरची एका काडीस ओविलेली. ओट्यामागे भार्गव मयेकर, किनारपट्टीचा, बास्क मुलुखी सहा वर्षे राबोन आलेला, जातीने उभा. दोघी बाया ओट्याचे मध्यभागी जागा धरोन उभ्या राहिल्या, आणि द्वारकाबाईंनी पोळ्याचा तुकडा घेतला, आणि खाऊ लागल्या. एका घासास पांच मिनिटे लागली. ओघळ आला तो टिपिला, पुन्हा आला तो पुन्हा टिपिला. मग शेजारची दोन मुले बोलता बोलता गप्प जाहली, आणि एका बाईने मान फिरविली, आणि निळ्या सदऱ्याचे एक गृहस्थ होते त्यांनी आपली बशी परती ओढिली. या लिहिणारानेही आपली बशी दोन बोटे सरकविली. ते लपवीत नाही.

मग निळ्या सदऱ्याने दालनाचे कारभाऱ्यास, प्रणीत त्याचे नांव, खूण केली आणि कानांत काही सांगितले, आणि प्रणीत बाईंपाशी येऊन बहुत अदबीने बोलिला, "मॅडम, आत एक छान कोपरा आहे. सोफा आहे. तुम्हाला आरामात बसता येईल."

"तिथं उभं राहून खातात का?"

"नाही, म्हणजे तिथं शांत आहे."

"शांतता घरी भरपूर आहे," बाई बोलिल्या.

त्यास समजले नाही. "सॉरी मॅडम, काय म्हणालात?" बाईंनी पुन्हा सांगितले. "सॉरी?" मग फिलोमिनाबाई तापल्या, "अरे, ती म्हणते आहे की," इतके बोलताच द्वारकाबाईंनी त्यांचे मनगट धरिले आणि म्हणाल्या, "तू थांब, फिलू. माझा कॉल मी जोडते." आणि मग जैसे लाईन खराब असता कचेरीत एकेक अक्षर सुटे करोन सांगत, तैसे सांगितले, "मी. इथंच. उभी. राहणार. इथंच. खाणार. त्रास तुला होतो, की त्यांना?" आणि बोट निळ्या सदऱ्याकडे केले. निळा सदरा ओशाळून म्हणाला, "काकू, तसं काही नाही हो. पण आम्ही जेवतोय."

"मीपण जेवतेय," बाई बोलिल्या.

तेव्हां भार्गव मयेकर हात पुसोन पुढे जाहला आणि म्हणाला, "काकी, तुमच्यासाठी मऊसं काही करून देऊ? सूप करतो, दहा मिनिटांत." त्याचे मनांत खोट नव्हती. परंतु बाईंनी तीही सवलत परतविली. "नको. दोन वर्षं पेज पिते आहे. सगळ्यांना देतोस तेच मला दे."

"पाव कडक आहे, काकी. खोटं नाही सांगत."

"मग पाव मी बाजूला ठेवीन. तू वाढ. आणि ती मिरचीची काडी दे."

"ती झोंबेल."

"झोंबू दे. काहीतरी लागू दे तोंडाला."

भार्गवाने काडी बशींत ठेविली, निराळी नाही, ओट्यावरील रांगेतीलच. बाईंनी मासळी खाल्ली, मग ऑलिव्ह खाल्ले, दर खेपेस पाणी, दर खेपेस रुमाल, आणि मग मिरची तोंडी घातली. किरणांनी भाजलेले तोंड ते. मिरचीचे आंबट पाणी घशास लागले, आणि बाईंस ऐसा ठसका बसला की चेहरा लाल जाहला, श्वास अडकला, एक हात ओट्यावर आणि दुसरा फिलोमिनाबाईंचे खांद्यावर. लोक धांवले. प्रणीत पाणी घेऊन पळत आला. त्याच क्षणी दार उघडोन हेरंबराव आंत शिरले. ते अर्धी घटका काचेबाहेर उभे राहोन पाहात होते, हे मागाहून कळले. "आई! पुरे झालं आता. चल घरी. काय हा हट्ट?"

बाईंनी हात वर केला. सगळे थबकले. बाईंनी पाणी घेतले, गिळिले, डोळे पुसिले, श्वास ठिकाणी आला, आणि ओट्यापलीकडे वळोन बोलिल्या, "मयेकर, आणखी एक."

"आई, अगं ऐक."

"हेरंब, दोन वर्षांत तू मला जेवताना बघितलंस?"

हेरंबराव खाली पाहूं लागले.

"एकदा तरी?"

"नाही."

"मग आता बघ. काचेतून नको. इथं उभा राहा."

आणि हेरंबराव उभे राहिले. चाळीस वर्षांचा पुरुष, हाताखाली शंभर माणसे, शाळेतल्या पोरासारखा ओट्यास टेकला. बाईंनी दुसरी काडी घेतली. सहा मिनिटे लागली. प्रथम हेरंबरावांची नजर भिंतीवर, मग बशीवर, मग आईचे हातावर, आणि मग आईचे तोंडावर येऊन ठरली आणि तेथून हलली नाही. हनुवटीवर तेल उतरले, ते पाहोन त्यांचा हात खिशांतील रुमालाकडे गेला. "हात खाली," बाई बोलिल्या, "माझं मी पुसते." आणि पुसिले. मग विचारिले, "तू जेवलास का?" ते म्हणाले, "नाही." "मग खा." हेरंबरावांनी काडी उचलोन एका दमांत सगळे तोंडी घातले, आणि मिरचीने त्यांचेही डोळ्यांत पाणी आणिले. मिरचीनेच आणिले की आणखी कशाने, ते लिहिणारास ठाऊक नाही. फिलोमिनाबाई खो खो हांसल्या. बाई म्हणाल्या, "हळू रे. घाई कोणाला आहे?"

मग तिघे उभे राहोन दोन प्रहर टळेतोपर्यंत खात होते. निळा सदरा आपली बशी घेऊन कोपऱ्यांतील सोफ्यावर आपखुशीने गेला. प्रणीत येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सॉरी." बाई बोलिल्या, "पाणी आणलंस ते चांगलं केलंस. सोफा दाखवलास ते वाईट केलंस. दोन्ही लक्षात ठेव." लिहिणाराने आपली बशी होती तेथे पुन्हा आणोन ठेविली. बाईंनी ते पाहिले आणि काही बोलिल्या नाहीत. ते न बोलणे अद्याप सलते. त्याच दिवशी धीर करोन फिलोमिनाबाईंशी ओळख केली, आणि अलीकडील पलीकडील हकीकत त्यांचेच तोंडून मिळाली.

पुढे माघ मासी बाईंचे पुतण्याचे लग्न किनाऱ्याकडील गावी जाहले, फिलोमिनाबाईंस आमंत्रण होते. पाटपंगत मांडिली. कोणी तरी रीतीप्रमाणे बाईंचे ताट माजघराकडे नेऊ लागले, तेव्हां हेरंबराव काही बोलणार तोच बाईंनी ताट हातांतून घेतले आणि पहिल्या रांगेत, व्याह्यांचे समोर, बसल्या. पंगत चालली. भात जाहला, मठ्ठा जाहला, चाळीस माणसांची जेवणे सरली, हात सुकूं लागले. बाईंचे अर्धे पान बाकी. व्याही चुळबुळले, कोणी घड्याळ पाहिले, पाठीमागे दुसरी पंगत ताटकळली. धाकटे दीर जनार्दनराव बिचारे उठावयास गुडघ्यावर हात ठेवूं लागले. बाईंनी मान वर करोन सगळ्या रांगेवर नजर फिरविली, आणि सावकाश, एकेक अक्षर सुटे करोन बोलिल्या, "बसा. माझं व्हायचंय."

चाळीस माणूस बसोन राहिले. फिलोमिनाबाई सांगतात, पाऊण तास लागला. बाईंनी एक घासही घाईने घेतला नाही.

एवंच, पंगत ज्याचे पानावर थांबते, राज्य त्याचे. इति वर्तमान लिहिले, अधिक उणे असेल ते लिहिणाराचे माथी.