सरांची आखूड पँट

पँट चार बोटं आखूड झाली होती. ती कुणा ऐऱ्यागैऱ्याची असती तर टेलरमास्तरांना एवढा घाम फुटला नसता. पण ती भौतिकशास्त्राच्या सरांची होती आणि उद्या त्याच सरांसमोर मास्तरांच्या लेकीची तोंडी परीक्षा होती. मागच्या खेपेला तिची दातखीळ बसली होती. यंदाही तेच झालं तर वर्ष फुकट जाणार होतं.

चूक तशी मायेपोटीच झाली. लेकीची भीड चेपावी म्हणून मास्तर तिला दुकानात समोर बसवून धडा म्हणायला लावत. "वस्तू प्रकाशासारख्या भन्नाट वेगानं धावत असली ना बाबा, की आपण मोजली तर लांबी कमी भरते. तिचं घड्याळही आपल्याला हळू चालताना दिसतं." मास्तर कौतुकानं मान डोलवत राहिले आणि कात्री भलत्याच खुणेवरून गेली. शिवून इस्त्री झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

तेवढ्यात सर आलेच. लेक कापडाच्या ठाणांमागे दडली. सर पडद्याआड गेले आणि नवी पँट चढवून बाहेर आले, ते दोन्ही घोटे उघडे टाकून.

"मास्तर, हे काय?"

"सर, तुम्ही सदा घाईत. धावत्या वस्तूची लांबी कमी भरते. मी एका जागी उभा, म्हणून मला आखूड दिसते. तुमची तुम्हाला बरोबरच असणार."

सर आरशात बघत राहिले. "मला पण आखूडच दिसतेय. आणि धावणारा मी, तर घड्याळ माझं हळू चालायला हवं. मग तुमचं 'उद्या देतो' मला पंधरा दिवस कसं पडलं?"

"ते कसंय सर, वेग वाढला की माणूस उंचीलाही..."

"बाबा, चुकतंय!" ठाणांमागून लेक ताडकन उभी राहिली. "लांबी फक्त धावण्याच्या दिशेनं कमी होते! सर पुढे धावतात, वर नाही. ते पोटापासून पाठीपर्यंत चपटे भरतील. उंची आहे तेवढीच राहणार!"

सरांनी आपल्या पोटाकडे एकदा पाहिलं. "उद्या एवढ्याच मोठ्यानं बोल," एवढंच म्हणून ते पँट बदलायला गेले.

दुसऱ्या दिवशी लेक पास होऊन आली ती फुरंगटूनच. सरांनी नेमकं तेच विचारलं होतं आणि ती न अडखळता बोलली होती. "पण काल तुम्ही माझी लाजच काढलीत! इतक्यांदा सांगितलं तरी दिशेचं विसरलात?"

मास्तर पँटची पट्टी उसवत होते. आत दुमडलेलं कापड सुदैवानं पुरेसं होतं. "दिशेचं मला पहिल्या दिवसापासून पाठ आहे," ते म्हणाले. "पण मी चुकल्याशिवाय तू बाहेर आली असतीस का?"

लेकीनं त्यांच्या हातातल्या पँटकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे पँटसुद्धा मुद्दाम?"

"छे गं," मास्तर खाली मान घालून म्हणाले, "ती खरंच चुकली."