उदगीर ते जैसलमेर, मार्गे सातपुडा

शेषरावमामांची कार डबल बेल दिल्याशिवाय हलत नाही. इंजिन चालू असतं, गिअर पडलेला असतो, मागचे लोक हॉर्नवरून शिव्यांवर आलेले असतात. मामा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. शेजारी बसलेल्यानं नाण्यानं डॅशबोर्डवर टक् टक् केलं की, "हां, आता कसं!" म्हणत क्लच सोडतात.

मामा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. सारी नोकरी उदगीर-नांदेड, नांदेड-उदगीर. कंडक्टर सुटला, बेल सुटली नाही. मी त्यांचा शेजारी. इथल्या कॉलेजात शिकवतो म्हणून ते मला 'सर' म्हणतात. पण भाजी आणायला निघालो तरी मला कंडक्टरच करतात.

फिरायला जाणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. "फिरणं म्हंजे फुकटचं डिझेल जाळणं. मी सारी दुनिया बघितलोय." दुनिया म्हणजे जळकोट, कंधार आणि नांदेडचा बसस्टँड.

म्हणून त्या थंडीत सकाळी सकाळी ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "सर, वाळवंट बघायला जाऊन राहिलोय. तुमी दोघंबी चला," तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला.

"कामून हो एकदम?"

"गाडीला लांबचा रूट पायजे. गावातल्या गावात इंजिन गंजून राहिलंय."

इंजिनाला काही झालेलं नव्हतं. पारूमामींची धाकटी बहीण सोना हदगावला राहायची, ती दिवाळीच्या आधी गेली. दोघींचा रोज दुपारी फोन असायचा आणि मामींचं हसणं भिंतीपलीकडं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. सोना गेल्यापासून मामी खिडकीशी बसून असायच्या. जेव म्हटलं की जेवायच्या, नीज म्हटलं की निजायच्या. बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. मामांनी त्याबद्दल आमच्यापाशी कधी अवाक्षर काढलं नाही. इंजिनाबद्दलच बोलत राहिले.

निघालो. पुढं मामा आणि मी, मागं मामी आणि माझी बायको वंदना. डिकीत ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मामांच्या मते राजस्थानात मिळणार नाही असं सगळं, म्हणजे मीठसुद्धा.

सातपुड्यात शिरलो तेव्हा धुकं होतं. रस्ता पुढं काही हात दिसायचा आणि विरघळायचा. सागाची झाडं पांढऱ्यातून वर यायची, आमच्याकडं बघितल्यासारखी करायची आणि मागं जायची. डोंगर आहे की आपल्याला डोंगराचं स्वप्न पडलंय, कळत नव्हतं. तेवढ्यात मामांनी गाडी कडेला घेतली आणि दरीभर घुमेल अशा आवाजात पुकारलं, "दहा मिन्टं हाल्ट! च्या घ्या, पाय मोकळे करा, कुणी मागं ऱ्हायचं न्हाई!"

चारच माणसं होतो आम्ही. त्यातल्या मामी उतरल्याच नाहीत. "तुमी बघून या," म्हणाल्या.

"कसा हाय घाट?" मी मामांना विचारलं.

"चांगलाय. आपल्या बालाघाटालाच जरा फुगवल्यावानी."

मामा स्वतः दरीकडं फारसे बघतच नव्हते. मला वाटलं, ड्रायव्हरचे डोळे रस्त्याला बांधलेले असतात, सुटत नसतील.

राजस्थानात तर त्यांनी कहर केला. एका गावात हात सवयीनं वळला आणि आमची कार थेट बसस्टँडात जाऊन फलाटाला लागली. मी "मामा, मामा!" म्हणेपर्यंत लाल पागोट्याचे एक म्हातारेबाबा दार उघडून वंदनाच्या शेजारी बसले आणि पुढच्या गावाचं नाव सांगून डोळे मिटते झाले. आता मामांनी खुलासा करावा की नाही? ते म्हणाले, "बैठो बाबा, जगा बहोत है!" बाबांना त्यांच्या वेशीत उतरवलं, त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मामांची छाती अख्खा अरवली ओलांडेपर्यंत फुगलेली राहिली.

अरवली उतरताना डोंगर हळूहळू बुटके होत गेले. मग टेकड्या झाल्या, मग नुसते दगड, मग दगडही संपले. झाडं विरळ झाली. रंग एकेक करून कुणी काढून घेतल्यासारखे गेले आणि पिवळा तेवढा उरला. जैसलमेरच्या पुढं, उतरत्या उन्हात, वाळूच्या लाटा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निवांत पडल्या होत्या. वारा त्यांच्यावरून हात फिरवल्यासारखा जायचा आणि कडेची रेघ किंचित हलायची.

मामा टायर बघायला खाली उतरले आणि त्याच वाऱ्यानं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत वाळू भरली. पाण्यानं धुतले, तरी उघडेनात. ओला टॉवेल डोळ्यांवर धरून ते माझ्या जागेवर बसले आणि नाइलाजानं गाडी माझ्या हाती आली.

मी आतल्या आरशात बघितलं. मागचा रस्ता दिसेचना. दिसत होती मागची डावी खिडकी आणि खिडकीला टेकलेला पारूमामींचा चेहरा.

"मामा, आरसा चुकीचा लागलाय."

"हलवू नका," मामा घाईनं म्हणाले. "मागचं बघायला भायेरचे आरसे हायेत की." मग टॉवेलाआडून, "बघून राहिली का ती भायेर?"

एवढे सगळे डोंगर उतरून आलो, तेव्हा हा माणूस काय बघत होता ते मला तिथं कळलं.

"हाव. बघून राहिल्या."

पुढं वळणावर एक उंट रस्त्याच्या मधोमध उभा होता. मी गाडी थांबवली. तो संथपणे मागच्या खिडकीशी आला, मान खाली घातली आणि खालचा जबडा डावीकडून उजवीकडं फिरवत मामींकडं अगदी ओळखीचं बघत राहिला.

"अगं बया!" मामी म्हणाल्या. "आमची सोनीच की! पान खाताना अशीच करायची बघ, वंदना. अश्शीच!"

आणि त्या हसायला लागल्या. आमच्या भिंतीपलीकडून यायचं ते हसणं. पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्यातूनच वंदनाला सांगू लागल्या की सोनी लहानपणी चिंचा कशा चोरायची, मार मात्र कसा थोरलीला बसायचा, आणि लग्नात मांडवातच कशी झोपली होती.

उंट कधीच बाजूला झाला होता. रस्ता मोकळा होता. मी गिअर टाकायला गेलो तर मामांनी चाचपडत माझा हात धरला.

"राहू द्या, सर," ते हळू आवाजात म्हणाले. "बोलून राहिली ना."

मी इंजिन बंद केलं.